कपाटात कोणी नाही

घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली होती. दारावर ‘खासगी चौकशी’ अशी पाटी होती आणि आत मामा आणि भाची. टक्कल, मिशा आणि विचारमग्न चेहरा मामांकडे होता. डोकं भाचीकडे होतं. येणारं माणूस हमखास मामांसमोर जाऊन बसायचं आणि मामाही त्याला थोडा वेळ बसू द्यायचे. एरवी त्यांच्याशी बोलायला येतं कोण?

त्या दुपारी आलेल्या बाईंच्या गळ्यात हेडफोन तसाच लोंबत होता.

“मी ‘काय काय होतं’ची निर्माती,” त्या मामांना म्हणाल्या.

“काय काय होतं?” मामांनी विचारलं.

“हो.”

“नाही, म्हणजे, काय काय होतं?”

“तेच. कार्यक्रमाचं नाव आहे ते.”

“लहान मुलांचा स्मरणशक्तीचा खेळ,” कोपऱ्यातून भाची म्हणाली. “बोलणारं कपाट उघडतं, आतल्या वीस वस्तू दाखवतं, बंद होतं. मग मुलांनी आठवून सांगायचं. दर रविवारी असतो.”

“तुम्ही बघता?”

“रविवारी दुसरं काही नसतं,” भाची म्हणाली. “काय चोरीला गेलंय?”

निर्मातीबाईंनी खुर्ची मामांकडून भाचीकडे वळवली. मामांनी उसासा टाकला. आजची बैठक लवकर आटोपली होती.

“नरसाळं,” बाई म्हणाल्या. “पण प्रश्न नरसाळ्याचा नाही, मुलीचा आहे. आज सकाळी अंतिम फेरी होती. दोन मुलं उरलीत. एक गोंद, कारण त्याच्या डोक्याला चिकटलेलं सुटत नाही. दुसरी टाचणी, कारण ती बारीक आहे आणि टोचते. मुलांना आम्ही अशीच नावं देतो. टाचणीने वीसच्या वीस वस्तू बरोबर सांगितल्या. मग जरा थांबली आणि म्हणाली, नरसाळं.”

“आणि?”

“कपाटात नरसाळं नव्हतं.”

“चुकली बिचारी,” मामा म्हणाले.

“नुसती चुकली असती तर मी इथे आले नसते. सकाळच्या तालमीत तिथे नरसाळं होतं! तालमीला मुलं नसतात. तालमीनंतर कपाटाला कुलूप लागलं. चित्रीकरणाच्या जरा आधी उघडून बघतो तर नरसाळं गायब. म्हणून ऐनवेळी तिथे घंटा ठेवली. मुलीने नरसाळं बघितलंच नव्हतं, मग नाव घेतलं कसं? गोंदची आई म्हणते, कुणीतरी हिला उत्तरं फोडली. संध्याकाळी उरलेलं चित्रीकरण आहे. तोवर उलगडा झाला नाही तर टाचणीला काढावं लागेल, आणि का काढलं ते पडद्यावर सांगावं लागेल.”

“टाचणी काय म्हणते?”

“काही नाही. तोंड मिटून बसलीय.”

“वय?”

“दहा.”

भाचीने पिशवी उचलली. “चल मामा. दहाव्या वर्षी चोर ठरलं की पुढे फार वर्षं उरतात.”

*

स्टुडिओ म्हणजे एक भलं मोठं गोदाम होतं. त्यात एका कोपऱ्यात रंगीबेरंगी घर मांडलेलं आणि बाकी सगळा काळोख आणि वायरी. पडद्यावर जिथे हजार पोरं टाळ्या वाजवतात असं वाटतं, तिथे तीन रांगा रिकाम्या खुर्च्या होत्या. टाळ्या नंतर चिकटवतात, असं समजलं. मामांच्या ते मनाला लागलं.

मधोमध कपाट उभं होतं. वरच्या अर्ध्या भागात दोन दारं, त्यामागे वस्तूंच्या फळ्या. खालच्या अर्ध्या भागात रंगवलेले खोटे खण. मधल्या पट्टीवर कोरीव झालर आणि झालरीखाली पत्रपेटीला असते तशी फट. हे कपाटाचं तोंड.

“हे बोलतं कसं?” मामांनी विचारलं.

“आवाज येतो,” निर्मातीबाई म्हणाल्या.

“आणि बंद कपाटातली एक वस्तू बदलते ती फेरी? ती कोण बदलतं?”

“आपोआप बदलते.”

“आपोआप?”

“हे बघा, कपाटाच्या जादूवर सगळा डोलारा उभा आहे. मुलांना शंका आली की हे कपाट काढायचं आणि यंत्राचं आणायचं, असं करारातच आहे.”

“मग हे कशाचं आहे?”

“लाकडाचं,” बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

भाचीने आधी तालमीचं आणि मग खेळाचं चित्रण लावायला सांगितलं. तालमीत कपाट बोललं तेव्हा आवाज फुटका, बसका होता. अंतिम फेरीत मात्र तोच आवाज खणखणीत घुमला: “बाळांनो, सांगा, माझ्यात काय काय होतं?”

“सकाळी कपाटाला सर्दी होती का?” मामा म्हणाले.

“माइकचं काहीतरी असेल.”

पडद्यावर टाचणी आली. उंच स्टुलावर ताठ बसलेली, दोन वेण्या, समोर टेबल. ती एकेक नाव घेऊ लागली: चावी, कंगवा, सुतळीचं रीळ, डाव्या पायाची चप्पल, घंटा... आणि नावं घेता घेता ती खाली जाऊ लागली. अगदी सावकाश, बुडत्या जहाजासारखी. आधी खांदे गेले, मग हनुवटी. विसाव्या वस्तूला टेबलावर नुसते डोळे आणि वेण्यांची सुरुवात उरली होती. तिथूनच आवाज आला: “नरसाळं.”

“ती खचली की काय?” मामांनी घाबरून विचारलं.

“स्टूल खचतं. त्यातली हवा जाते. दुरुस्त करायला सांगितलंय.”

“कधी?”

“पहिल्या भागात.”

भाचीने चित्रण थांबवलं. “हिने घंटासुद्धा सांगितली.”

“हो ना. वीसच्या वीस.”

“हं,” भाची म्हणाली. ती असं ‘हं’ म्हणाली की मामा वहीत ‘हं’ लिहून ठेवायचे. त्याचा उपयोग आजवर झाला नव्हता.

*

कपाटातल्या वस्तू जमवणं, मांडणं, जपणं हे काम सामानवालीचं होतं. तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता आणि डोळे रडून लाल झाले होते.

“पत्र्याचं नरसाळं होतं हो. माझ्या आजीचं. तिची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती, म्हटलं आजी एकदा टीव्हीवर येऊ दे. तालमीनंतर मी कुलूप घातलं. चावी माझ्या कमरेला. कुलूप जसंच्या तसं होतं.”

“कुलूप घातल्यापासून उघडेपर्यंत कपाटापाशी कोण होतं?”

“कोणी नाही,” सामानवाली म्हणाली. रडणं मध्येच थांबवून, एकदम सपाट आवाजात, पाटी वाचल्यासारखं.

मामा तोवर कपाटामागच्या काळ्या पडद्यात शिरले होते. तिथे जमिनीवर, बशीने झाकलेला चहाचा कप होता.

“हा कोणाचा?”

“कोणाचा नाही,” सामानवाली त्याच सपाट आवाजात म्हणाली.

कोणाचा नाही म्हटल्यावर मामांनी तो पिऊन टाकला. चांगला वाफाळता होता.

“आणि तुम्ही कपाटाला विचारलं नाही?” भाचीने मधेच विचारलं. “नरसाळं कुठे गेलं म्हणून?”

सामानवालीने तिच्याकडे चमकून पाहिलं. “खेळ चालू नसताना कपाटाशी बोलायचं नाही. नियम आहे. पहिल्या दिवसापासून.”

“आणि कोणी बोलतही नाही?”

“कोणी नाही.”

वस्तू निवडायचं आणि कोडी रचायचं काम प्रश्नवाल्या सरांचं. कुठल्या भागात काय ठेवायचं हे फक्त सर आणि सामानवाली यांना ठाऊक असे. सरांनी आल्या आल्या हात जोडले.

“मी उत्तरं फोडली असा संशय आहे ना? मी फोडेन, पण त्या पोरीला? भाषेच्या फेरीत तिने माझ्या प्रश्नपत्रिकेतल्या चार चुका काढल्या. कॅमेऱ्यासमोर! माझा एक अनुस्वारसुद्धा सोडला नाही. तिच्या तोंडून चुकीचं वाक्य निघाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि मी वाट बघत होतो.”

“तालमीनंतर तुम्ही कुठे होता?”

“माझ्या खोलीत. एकटाच. मी जेवतोही एकटाच, हवं तर तेही लिहा.”

मामांनी तेही लिहिलं.

गोंदची आई वाटच बघत होती. “आमचा गोंद रात्रंदिवस पाठ करतो हो! घरातली भांडी पाठ आहेत त्याला. आणि ही उपटसुंभ पोरगी उजाडल्यापासून स्टुडिओत येऊन बसते, एकटी. कशाला? मला मामा बनवायला निघालेत सगळे.”

“त्यात वाईट काही नाही,” मामा दुखावून म्हणाले.

बाजूला गोंद बसला होता. गुटगुटीत, शांत.

“तू काय पाहिलंस रे?” भाचीने विचारलं.

“वीस वस्तू,” गोंद म्हणाला. “टाचणी बुडाली की मजा येते. पण ती बुडताना कपाटाकडे बघून हसते. माझ्याकडे बघून कोणी हसत नाही.”

*

टाचणी रंगभूषेच्या खोलीत होती. चारी बाजूंना आरसे होते, त्यामुळे एकटी बसलेली मुलगी बरीच दिसत होती.

“घरी कोण कोण असतं तुझ्या?” भाचीने विचारलं.

“आत्या. ती बस चालवते. तिची पहिली फेरी सुटायच्या आत मला इथे सोडते.”

“मग सगळे येईपर्यंत तुझ्याबरोबर कोण असतं?”

“कोणी नाही असतो.”

“‘कोणी नसतं’ म्हणावं, बाळा,” मामा प्रेमाने म्हणाले.

टाचणीने त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि ओठ मिटले.

“नरसाळ्याबद्दल तुला आधी सांगितलं होतं का?”

मान नकारार्थी हलली. “मी जे बघितलं ते सांगितलं. बाईच म्हणतात, कपाटात जे जे दिसेल ते सगळं सांगायचं. तोंडातून निघून गेलं. मग लक्षात आलं.”

“काय लक्षात आलं?”

वेणीचं टोक दातांत गेलं. मग सगळ्या आरशांतल्या सगळ्या टाचण्यांनी एकदम विचारलं, “मी खोटं बोलले असं सांगितलं, तर हे कपाट इथेच राहील ना?”

भाचीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. तिला तशी सवय नव्हती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मामा, त्या स्टुलावर बस.”

“मी? कशाला?”

“वजन आहे तुला. तू लवकर बुडशील.”

मामा बसले आणि बुडू लागले. फुस्स असा बारीक आवाज येत होता.

“कपाटाचं तोंड दिसतंय?”

“नाही. ती कोरीव झालर आड येतेय.” मामा आणखी खाली गेले. “आता दिसतंय. फट आहे. आत अंधार.”

“आणि गोंदचं स्टूल?”

“ते कुठे खचतं?”

“हं,” भाची म्हणाली. मामांना टेबलाखालून वही सापडेना.

*

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी सगळे कपाटासमोर जमले. निर्मातीबाई, सामानवाली, सर, गोंद आणि त्याची आई. टाचणी आपल्या स्टुलावर, अजून न बुडालेली. शेवटच्या रांगेत ड्रायव्हरचा खाकी शर्ट घातलेली आत्या. ती कामावरून तशीच धावत आली होती.

“टाचणीला कोणी उत्तरं फोडली नाहीत,” भाची म्हणाली. “फोडली असती, तर तिच्याकडे नरसाळं असतं आणि घंटा नसती. घंटा ऐनवेळी आली. तिने दोन्ही सांगितलं. पाठ करून आलेलं मूल वीस वस्तूंच्या कपाटात एकवीस सांगत नाही. एकवीस सांगतं ते मूल, ज्याला एकवीस दिसतात.”

“पण नरसाळं कपाटात नव्हतं!” गोंदची आई म्हणाली.

“फळीवर नव्हतं. कपाटात होतं.”

सामानवालीने पदर तोंडाशी नेला.

“कुलूप तुटलं नाही, चावी कमरेची हलली नाही. बाहेरून कोणी काढलं नाही, म्हणजे आतून काढलं. आतून वस्तू काढता येते, हे तुम्ही दर रविवारी सगळ्यांना दाखवता. बंद कपाटातली वस्तू बदलते, आपोआप. आता आवाज. तालमीत कपाटाचा आवाज फुटका होता, अंतिम फेरीत खणखणीत. मध्ये काय घडलं? पत्र्याचं नरसाळं नाहीसं झालं. तोंडाला नरसाळं लावून बोललं की माणसाचा आवाज असाच घुमतो. आधीचं फुटलं होतं, म्हणून हे घेतलं.”

“माणसाचा?” गोंद म्हणाला.

“गोंद, कान झाक,” निर्मातीबाई घाईने म्हणाल्या. गोंदने झाकले, पण बोटं फाकवून.

“आम्ही विचारलं, कपाटापाशी कोण होतं. चहा कोणाचा. कपाटाशी कोण बोलतं. एकच उत्तर, एकाच सुरात. कोणी नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं मुलांना हेच सांगून तुम्हालाही ते पाठ झालंय. नरसाळं हरवलं तेव्हा पहिली हाक जिथे मारायची, तिथे मारायचं कोणाला सुचलंच नाही. पण झाकलेला गरम चहा रोज कोणीतरी ठेवतं, आणि तो कोणालातरी लागतो.”

मामा खाली बघू लागले.

“हे सगळं तर्काचं,” सर म्हणाले. “पुरावा?”

“तुमचाच आहे, सर. टाचणीच्या तोंडून चुकीचं वाक्य निघत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी तिला विचारलं, सकाळी तुझ्याबरोबर कोण असतं? ती म्हणाली, ‘कोणी नाही असतो.’”

“‘कोणी नसतं’,” सर झटक्यात म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “असतो?”

“असतो. तुमची चुकलेली वेलांटी न सोडणारी मुलगी असं वाक्य उगाच बोलणार नाही. वाक्य बरोबर आहे. ते नाव आहे. एका सकाळी रिकाम्या स्टुडिओत ती स्टुलावर बुडाली, फटीत तिला डोळे दिसले. तिने विचारलं असेल, आत कोण आहे? आणि नियमाप्रमाणे उत्तर आलं, ‘कोणी नाही.’”

टाचणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज मात्र नव्हता.

“तेव्हापासून ती लवकर येते आणि त्याच्याशी बोलते. तिला ठाऊक आहे की हे फुटलं तर त्याला काढून यंत्र आणतील. म्हणून ती चोर ठरायला तयार झाली.” भाची थांबली. “मी इथवर आणलं. आता तुम्ही सांगा. कपाट रिकामं आहे असं म्हणालात तर ही मुलगी खोटारडी. कपाटात कोण आहे?”

निर्मातीबाई हेडफोनच्या वायरीला गाठी मारत होत्या. सर बुटांकडे बघत होते. तीन रांगा खुर्च्यांची शांतता होती.

फुस्स. टाचणीचं स्टूल बुडू लागलं. तिचे डोळे फटीच्या समोर आले आणि ती ओरडली, “नको! तू बोलू नकोस!”

“टाचणी खरं सांगते,” कपाट खणखणीत आवाजात म्हणालं.

मग आत काहीतरी पत्र्याचं खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्यानंतरचा आवाज साधा, बारीक, जरासा गंजलेला होता. “नरसाळं माझ्याकडे आहे. माझं प्लॅस्टिकचं होतं. मी त्याच्यावर बसलो.”

खोटे खण एका बाजूने उघडले. आतून एक बुटका, पिकल्या केसांचा माणूस निघाला. नेमकं निघाला म्हणता येणार नाही, उलगडला. घडीतून बाहेर यायला त्याला बराच वेळ लागला. त्याने नरसाळं सदऱ्याला पुसून सामानवालीच्या हातात दिलं.

“माफ करा. तुम्हाला हाक मारून मागायला हवं होतं. पण हाक मारायची नाही, असं आहे ना.”

सामानवालीने नरसाळं छातीशी धरलं. “मला तुमचा चेहरा आठवतच नव्हता हो,” ती म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. या वेळी आजीसाठी नाही.

“आता मला करार...” निर्मातीबाई म्हणाल्या.

“माहीत आहे. सही मीच केली होती. आत बसून.” तो टाचणीकडे वळला. ती टेबलाआडून त्याला निरखत होती.

“तू कपाटापेक्षा बुटका आहेस,” ती म्हणाली.

“आतून मला पण तसंच वाटायचं.” मग तो मामांकडे वळला. “आणि माझा चहा तुम्ही प्यायलात.”

“कोणाचा नाही म्हणाले हो!” मामा कळवळून म्हणाले.

*

उरलेलं चित्रीकरण नव्या वस्तू मांडून पुन्हा झालं. कपाटाचा आवाज प्रश्नवाल्या सरांनी मागच्या पडद्याआडून काढला. तो कपाटाला अजिबात शोभत नव्हता, पण नरसाळं द्यायला सामानवालीने साफ नकार दिला.

बुटका माणूस प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसला. एवढ्या वर्षांत हा कार्यक्रम त्याने समोरून पाहिला नव्हता. मामा त्याच्यासाठी चहा घेऊन आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. मग बराच वेळ दोघंही, सवय नसल्यामुळे, एकदमच बोलत राहिले.

गोंदने वीस सांगितल्या. टाचणीनेही वीस सांगितल्या आणि ती खाली जाऊ लागली. टेबलावर नुसते डोळे उरले तेव्हा तिने फटीत पाहिलं.

“आणि आत कोणी नाही,” ती हळूच म्हणाली.

त्या स्टुडिओत ते वाक्य पहिल्यांदाच खरं होतं. सरांनी गुण कोणाला द्यावा यावर फार विचार केला आणि दोघांना विजयी ठरवलं. गोंदच्या आईने आक्षेप घेतला. गोंदने घेतला नाही. तो टाचणीकडे बघून हसला आणि ती चक्क त्याच्याकडे बघून हसली.

दिवे मालवायला लागले. टाचणी पहिल्या रांगेशी आली. आत्या दारात बसच्या चाव्या वाजवत उभी होती, पण घाई करत नव्हती.

“उद्या सकाळी तू कुठे असशील?” टाचणीने विचारलं.

“घरी.”

“घरी कोण असतं तुझ्या?”

सवयीने त्याचं तोंड उघडलं. उत्तर ओठांवर तयारच होतं, इतकी वर्षं तेच एक दिलं होतं. त्याने ते गिळलं आणि जरा चाचरत, नवीन शब्द शिकल्यासारखं म्हणाला,

“मी असतो.”